सेकंड हँड .२२ टार्गेट पिस्तूल घ्यावं की नको? पैसे मोजण्याआधी काय काय तपासायचं?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. त्याच स्पर्धेत मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये दोन ब्राँझ पदकं मिळवली, आणि २५ मीटर पिस्तूलमध्ये ती चौथी आली. त्याआधी २०१८ च्या एशियन गेम्समध्ये कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं होतं. एशियन गेम्सच्या नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

हा २५ मीटरचा खेळ खेळायचा तर हातात लागतं .२२ बोअरचं रिमफायर पिस्तूल. नेमबाज त्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. चांगली टार्गेट पिस्तुलं इटली, जर्मनी, स्वित्झर्लंडमधून येतात. ती महाग असतात आणि भारतात कुणालाही सरसकट आयात करता येत नाहीत. म्हणून क्लबमध्ये वर्षभर सराव झाला की बऱ्याच जणांच्या कानावर एक वाक्य पडतं: “अमुक सर त्यांचं जुनं पिस्तूल काढतायत, बघ जमतंय का.”

जमतंय का, हे फक्त किमतीवरून ठरत नाही. जुनी बाईक घेताना इंजिनाआधी आरसी बुक बघतात, तसंच इथेही आहे. फरक इतकाच की बाईकच्या कागदात घोळ असेल तर दंड होतो, पिस्तुलाच्या कागदात घोळ असेल तर तुरुंगवास होतो. त्यामुळे क्रम लक्षात ठेवा: आधी कागद, मग स्पर्धेचा प्रकार, मग पिस्तुलाची तब्येत आणि किंमत सगळ्यात शेवटी.

रिमफायर म्हणजे नेमकं काय?

बंदुकीची गोळी सुटते ती काडतुसाच्या मागच्या बाजूला असलेल्या, ठोका बसताच पेट घेणाऱ्या रसायनामुळे. मोठ्या काडतुसांत हे रसायन मागे मधोमध एका छोट्या टोपीत असतं. त्याला सेंटरफायर म्हणतात. .२२ मध्ये ते काडतुसाच्या मागच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेलं असतं. पिस्तुलाची फायरिंग पिन या कडेवर आपटते, कड चेंबरच्या काठावर चेपली जाते आणि गोळी सुटते. म्हणून नाव रिमफायर.

सध्या वापरात असलेलं काडतूस म्हणजे .२२ लाँग रायफल, थोडक्यात .२२ एलआर. हे १८८७ पासून चालत आलंय. नावात रायफल असलं तरी पिस्तुलातही हेच वापरतात. याचा धक्का कमी, आवाज तुलनेने कमी आणि गोळी मऊ शिशाची. मऊ शिसं आणि कमी दाब यामुळे नळीची झीज फार हळू होते. म्हणजे नीट सांभाळलेलं २० वर्षं जुनं .२२ पिस्तूल आजही अचूक नेम मारू शकतं. जुनं घेण्याच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

पण रिमफायरची एक कमजोरीही आहे. चेंबर रिकामं ठेवून ट्रिगर ओढला, तर पिनला चेपायला काडतुसाची कड नसते. काही जुन्या पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या पोलादी काठावर आपटते. असं शेकडो वेळा झालं की त्या काठाला खळगा पडतो. आधीच्या मालकाने पिस्तूल कसं वापरलं, याचा हा पुरावा असतो. तो कसा ओळखायचा ते पुढे येईलच.

पहिला प्रश्न: परवाना आहे का?

भारतात .२२ पिस्तूल बाळगायला शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू होतात. ‘हे तर खेळाचं आहे’ म्हणून सूट मिळत नाही. परवान्याशिवाय असं पिस्तूल जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे. बेकायदा विक्रीसाठी तर ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. त्याहून लहान नेमबाजांसाठी ज्युनियर टार्गेट शूटर ही वेगळी वाट नियमांत आहे, पण तिच्या अटीही वेगळ्या आहेत. पोलीस आयुक्तालय असलेल्या मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. अर्जासोबत पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, अशी कागदपत्रं लागतात. परवाना मिळाला की त्यावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर म्हणजे यूआयएन येतो आणि तुमची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये जाते.

२०१९ च्या दुरुस्तीने दोन बदल केले. सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त २ शस्त्रं बाळगता येतात, आधी ही मर्यादा ३ होती. आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली. खेळाडूंसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने १२ फेब्रुवारी २०२० ला वेगळी अधिसूचना काढली. त्यात नावाजलेल्या नेमबाजांना प्रकारांच्या संख्येनुसार ८ ते १२ शस्त्रांपर्यंत सूट मिळाली, तर ज्युनियर आणि होतकरू नेमबाजांना २ शस्त्रांची.

ही सूट कुणालाही तोंडी सांगून मिळत नाही. त्यासाठी क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांतले गुण आणि त्याचे दाखले लागतात. म्हणून घरी शस्त्राचा परवाना आधीपासून असेल, तर नव्या पिस्तुलासाठी त्यावर जागा उरली आहे का, हे आधी बघा.

विकत घ्यायचं तर रस्ता कोणता?

कायदेशीर रस्ते दोनच आहेत.

एक, परवानाधारक शस्त्रविक्रेता. अनेक विक्रेते जुनी शस्त्रंही विकतात. इथे व्यवहाराची नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये होते, पावती मिळते आणि कागदांचं बरंचसं काम त्यांना माहीत असतं. थोडे जास्त पैसे जातात, पण डोक्याला ताप कमी.

दोन, परवाना असलेल्या एका व्यक्तीकडून परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीने थेट घेणं. शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये याची मुभा आहे, पण अट पक्की आहे. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं की आपण हे शस्त्र विकतोय, आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा. त्यानंतर किमान ४५ दिवस जायला हवेत. मगच पिस्तूल हातात घ्यायचं.

म्हणजे “आज पैसे दे, आज घेऊन जा, कागद नंतर बघू” असं कुणी म्हणत असेल, तर तो माणूस कितीही ओळखीचा असो, तिथून उठायचं. क्लबमधले सर असतील, काका असतील, चुलत भाऊ असेल, कायद्याला नातं कळत नाही.

कागदांमध्ये तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा:

१. पिस्तुलावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर. एकेक अंक जुळवून बघा. कलम ८ नुसार शस्त्रावर बनवणाऱ्याचं नाव आणि ओळख नंबर असलाच पाहिजे आणि तो खोडणं गुन्हा आहे. नंबर घासलेला, पुसट किंवा पुन्हा कोरलेला वाटला तर व्यवहार तिथेच थांबवा.

२. विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का. मुदत संपलेल्या परवान्यावरचं शस्त्र विकत घेणं म्हणजे त्याची अडचण आपल्या घरी आणणं.

३. पिस्तूल भारतात आलं कसं. बहुतेक चांगली टार्गेट पिस्तुलं नावाजलेल्या नेमबाजांनी खेळाडू म्हणून मिळणाऱ्या सवलतीत आयात केलेली असतात. अशा आयातीला पुढच्या विक्रीबाबत अटी असू शकतात. आयातीचे मूळ कागद मागा आणि ते तुमच्या परवाना कार्यालयात दाखवून लेखी खात्री करून घ्या. कागद हरवलेत असं उत्तर मिळालं, तर त्यांची दुसरी प्रत निघेपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नका.

सोशल मीडियावर दिसणाऱ्या जाहिरातींचं काय?

फेसबुक ग्रुप, टेलिग्राम चॅनल, इन्स्टाग्राम डीएम अशा ठिकाणी पिस्तुलांचे फोटो टाकून ‘कुरिअरने घरपोच’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ दोनपैकी एक असतो. एकतर ॲडव्हान्स घेऊन गायब होणारा भामटा, नाहीतर बेकायदा शस्त्र विकणारा. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात तुम्ही आरोपी होता. कायदेशीर व्यवहारात घेणाऱ्याचा परवाना, लेखी सूचना आणि वाट बघणं येतंच. ते टाळून येणारं कोणतंही पिस्तूल स्वस्त नसतं.

दुसरा प्रश्न: खेळायचं काय आहे?

कागद नीट असले तरी प्रत्येक .२२ पिस्तूल प्रत्येक स्पर्धेत चालत नाही. जुन्या पिस्तुलांच्या बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि तीही कुणी मुद्दाम न फसवता.

नेमबाजीची जागतिक संघटना म्हणजे आयएसएसएफ. तिच्या नियमांनुसार २५ मीटरच्या रिमफायर प्रकारांसाठी, म्हणजे महिलांचं २५ मीटर पिस्तूल, पुरुषांचं रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल, मापं अशी आहेत:

• काडतूस .२२ एलआर
• वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम
• नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर
• पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर
• ट्रिगरला किमान १००० ग्रॅमचा दाब
• संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे

आता दोन सापळे बघा.

पहिला सापळा, .२२ शॉर्ट. २००४ पर्यंत रॅपिड फायर हा प्रकार .२२ शॉर्ट नावाच्या आखूड काडतुसावर खेळला जायचा. २००५ पासून नियम बदलले आणि तिथेही .२२ एलआर आलं. त्यामुळे .२२ शॉर्टची अप्रतिम पिस्तुलं एका रात्रीत स्पर्धेबाहेर गेली. वॉल्थर ओएसपी, हॅमर्ली २३०, पार्डिनी जीपी ही त्यातली नावं. त्यांची भावंडं, म्हणजे वॉल्थर जीएसपी किंवा पार्डिनी एसपी, .२२ एलआरची आहेत आणि दिसायलाही बरीच सारखी. अनोळखी माणसाला फरक पटकन कळत नाही. शॉर्टच्या चेंबरमध्ये एलआरचं काडतूस बसत नाही, कारण ते लांब असतं. त्यामुळे नळीवर काय कोरलंय ते वाचा, मॉडेलचं पूर्ण नाव विचारा. ‘फार स्वस्तात मिळतंय’ यामागचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरा सापळा, फ्री पिस्तूल. ५० मीटरवर खेळायचं हे पिस्तूल एकेका गोळीचं असतं. लांब नळी, हाताला चारी बाजूंनी वेढणारी लाकडी ग्रिप आणि नुसत्या स्पर्शाने सुटणारा ट्रिगर. हा प्रकार २०१६ च्या रिओनंतर ऑलिम्पिकमधून बाहेर गेला. भारताची यात चांगली परंपरा आहे. जीतू रायने २०१४ च्या जागतिक स्पर्धेत यात रौप्य मिळवलं आणि ओमप्रकाश मिठरवालने २०१८ मध्ये चांगवॉनला सुवर्ण. हौस म्हणून किंवा ५० मीटरच खेळायचं म्हणून घ्यायला हरकत नाही. पण २५ मीटरवर ते चालणार नाही. तिथे रॅपिड फायरमध्ये ८, ६ आणि ४ सेकंदांत पाच-पाच गोळ्या झाडायच्या असतात.

थोडक्यात, तुम्ही कोणता प्रकार खेळणार हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवल्याशिवाय कोणतंही जुनं पिस्तूल बघायला जाऊ नका.

तिसरा प्रश्न: पिस्तुलाची तब्येत कशी आहे?

ही तपासणी घरात, गाडीत किंवा हॉटेलात होत नाही. ती क्लबच्या रेंजवर, मालकाच्या उपस्थितीत आणि शक्यतो शस्त्रदुरुस्ती कळणाऱ्या माणसाला सोबत घेऊन करायची. पिस्तूल हातात घेतल्यावर पहिलं काम एकच: मॅगझीन बाहेर काढायचं, स्लाइड मागे ओढायची आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं. मालकाने आत्ताच बघितलं असलं तरी आपणही बघायचं.

त्यानंतर हे तपासा.

चेंबरचा काठ. छोटी टॉर्च घ्या. फायरिंग पिन जिथे पडते, तिथे चेंबरच्या कडेला खळगा किंवा दबलेली जागा दिसतेय का? हलकी खूण दुरुस्त होते. खोल खळगा असेल तर काडतूस अडकणं, न फुटणं या तक्रारी येतात.

नळीचं तोंड. .२२ ची नळी गोळ्यांनी क्वचित बिघडते, चुकीच्या साफसफाईने जास्त बिघडते. पोलादी सळई पुढून घालून घासली की तोंडाची कड एका बाजूने झिजते. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श याच कडेला होतो, त्यामुळे नेम बिघडतो. आतून नळी स्वच्छ आणि चकचकीत हवी. गंजाचे ठिपके दिसले तर सावध व्हा. कोकण किंवा मुंबईच्या दमट हवेत नीट तेल न लावता पडून राहिलेल्या पिस्तुलात हे दिसू शकतं.

स्लाइड आणि फ्रेम. टार्गेट पिस्तुलं स्टँडर्ड वेगाच्या काडतुसांसाठी बनवलेली असतात. त्यात जास्त वेगाची काडतुसं वर्षानुवर्षं वापरली तर स्प्रिंग, बफर आणि फ्रेमवर ताण येतो. फ्रेमवर, विशेषतः कोपऱ्यांत, केसासारखी बारीक चीर आहे का ते नीट बघा. चीर असेल तर नाही म्हणा.

ट्रिगर. स्पर्धेत वजन लटकवून ट्रिगर तपासतात. १००० ग्रॅमचं वजन उचलताना ट्रिगर सुटला तर पिस्तूल नियमात बसत नाही. क्लबकडे असं वजन असतं, ते मागून घ्या. आधीच्या मालकाने ट्रिगर हलका करून घेतला असेल तर तो परत नियमात बसवता येतो का, हेही विचारा. भरलेलं पिस्तूल ट्रिगरला हात न लावता सुटण्याची शक्यता वाटेल इतका ढिला ट्रिगर असेल, तर ती धोक्याची गोष्ट आहे.

मॅगझीन. किती आहेत आणि सगळी चालतात का? जुन्या मॉडेलचं एक मॅगझीन शोधायलाही महिने जाऊ शकतात. एकच मॅगझीन असेल तर ते किमतीत धरून बोला.

ड्राय फायरची सोय. नेमबाज गोळीशिवाय सराव खूप करतात. नव्या टार्गेट पिस्तुलांत पिन न आपटता ट्रिगरचा सराव करायची सोय असते. ती नसलेलं पिस्तूल घेतलं तर हा सराव चेंबरमध्ये प्लॅस्टिकची डमी घालूनच करावा लागेल.

शेवटी गोळ्या झाडून बघा. दोन-तीन प्रकारची काडतुसं घ्या, पिस्तूल सँडबॅगवर टेकवा आणि २५ मीटरवर पाच-पाचचे गट मारा. प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं आणि आतलं दहा २५ मिलिमीटरचं. टेकवून मारलेल्या गोळ्या दहाच्या वर्तुळात आरामात बसल्या पाहिजेत. एका ब्रँडच्या काडतुसाने गट पसरला तर दुसरा ब्रँड वापरून बघा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. सगळ्यांनीच पसरला तर दोष पिस्तुलात आहे. किमान ५० गोळ्यांत किती वेळा काडतूस अडकलं, याचीही नोंद ठेवा. स्पर्धेत बिघाडाची सवलत मर्यादित वेळाच मिळते.

तुमच्या हाताला बसतंय का?

टार्गेट पिस्तुलाची लाकडी ग्रिप हाताच्या मापाने येते: लहान, मध्यम, मोठी, उजवी, डावी. आधीच्या मालकाने ती स्वतःच्या हातासाठी घासलेली किंवा लाकडी पुटीने भरलेली असते. मोठ्या हाताची ग्रिप लहान करता येते, पण घासून कमी झालेली परत वाढवणं कठीण. डावखुऱ्या माणसासाठी उजवी ग्रिप निरुपयोगी आहे.

डोळे मिटून पिस्तूल उचला, निशाण्याकडे धरा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसत असेल तर ग्रिप जमली. दरवेळी मनगट वळवावं लागत असेल तर नव्या ग्रिपचा खर्च धरून चला. वजनही बघा. १४०० ग्रॅमपर्यंतचं पिस्तूल एका हाताने, हात पूर्ण लांब करून, ६० गोळ्यांच्या स्पर्धेत पुन्हा पुन्हा उचलायचं असतं.

बिघडलं तर पार्ट मिळतील का?

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिची मोलाची मिनिटं गेली. जगातल्या अव्वल खेळाडूच्या सांभाळलेल्या पिस्तुलाचं असं होऊ शकतं, तर जुन्या पिस्तुलाचं होणारच हे धरून चला.

म्हणून मॉडेल चालू आहे की बंद झालंय, हे आधी शोधा. हॅमर्ली २०८ हे एकेकाळी नावाजलेलं पिस्तूल, पण त्याचं उत्पादन थांबलंय. अशा पिस्तुलाची फायरिंग पिन किंवा एक्स्ट्रॅक्टर तुटला तर पार्ट परदेशातून शोधावा लागतो आणि शस्त्राचे पार्ट मागवण्यालाही नियम आहेत. तुमच्या क्लबमध्ये ज्या कंपनीची पिस्तुलं जास्त आहेत, तीच घेणं सोयीचं. पार्ट, मॅगझीन आणि दुरुस्ती कळणारा माणूस, तिन्ही जवळ मिळतात.

गोळ्यांचं गणित

पिस्तुलाची किंमत एकदाच द्यायची असते, काडतुसांची दर आठवड्याला. रिमफायरचं काडतूस एकदा वापरलं की पुन्हा भरता येत नाही.

२०२० च्या अधिसूचनेने नेमबाजांसाठी .२२ एलआरच्या काडतुसांची वर्षाची मर्यादा १००० वरून ५००० केली. आकडा मोठा वाटतो, पण आठवड्याला १०० गोळ्या मारल्या तर वर्षाच्या होतात ५२००. म्हणजे गंभीरपणे सराव करणाऱ्याला ही मर्यादाही पुरत नाही. आठवड्याला ५० गोळ्याही परवडणार नसतील, तर स्वतःचं पिस्तूल घेऊन ते कपाटात पडून राहील.

घरी आणल्यानंतरची जबाबदारी

पिस्तूल कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली परवानाधारकाकडेच. घरात लहान मुलं असोत की नसोत, हा नियम बदलत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते वापरायचा हक्क मिळत नाही. विमानाने स्पर्धेला जाताना ते केबिनमध्ये नेता येत नाही, आधी कळवून आणि कागद दाखवून चेक-इन करावं लागतं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट हमखास येते: निवडणूक. आचारसंहितेच्या काळात शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. खेळाडूंना सूट मिळू शकते, पण त्यासाठी आधी अर्ज आणि स्पर्धांचे दाखले तयार ठेवावे लागतात.

मग घ्यावं की नको?

आता घेऊ नका, जर तुम्ही नेमबाजी सुरू करून वर्षही झालं नसेल. भारतात पिस्तूल नेमबाजीची सुरुवात बहुतेक जण १० मीटर एअर पिस्तूलने करतात. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, छरे स्वस्त असतात आणि श्वास, साइट, ट्रिगर हे सगळं त्यावरच पक्कं होतं. .२२ ची ओळख मुंबईत वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या ठिकाणी किंवा तुमच्या शहरातल्या क्लबचं पिस्तूल वापरून करून घेता येते.

थांबा, जर खेळ पक्का ठरलाय पण परवाना हातात नाही. आधी परवाना, मग पिस्तूल. ‘पिस्तूल हातचं जाईल’ म्हणून टोकन देण्याची घाई करू नका. परवान्याला किती महिने लागतील हे तुमच्या हातात नसतं, आणि अडकलेलं टोकन परत मिळवणं त्याहून कठीण.

घ्या, जर परवान्यावर जागा आहे, .२२ एलआरचं चालू मॉडेल आहे, नंबर आणि आयातीचे कागद जुळतायत, चेंबरला खळगा नाही, ट्रिगर १००० ग्रॅम उचलतोय, रेंजवर गट दहाच्या आत येतोय आणि ग्रिप हाताला बसतेय. असं जुनं पिस्तूल नव्याइतकंच काम देतं. उरलेले पैसे काडतुसांत घाला, गुण तिथूनच वाढतात.

आणि सोडून द्या, जर वरच्यापैकी फक्त किंमतच जुळत असेल.